नोंदींवरून गरजांकडे: स्मार्ट वस्तू-सेवा प्रणालींचा आढावा

महाराष्ट्रातल्या शेताच्या बांधावर उभा राहणारा सौर कृषिपंप आता नुसती वस्तू राहिलेला नाही. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत शेतकरी किमतीच्या १० टक्के रक्कम भरतो; अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांसाठी हा वाटा ५ टक्के आहे. पुरवठादार पंप बसवून देतो आणि पुढची पाच वर्षे दुरुस्तीची जबाबदारी त्याच्याकडेच राहते. केंद्राच्या पीएम-कुसुम योजनेच्या तांत्रिक निकषांनुसार पंपाच्या कंट्रोलरला दूरस्थ देखरेखीची यंत्रणा जोडलेली असते. पंप किती तास चालला, किती वीज तयार झाली, कोणता बिघाड नोंदला गेला, हे सगळे सिमकार्डावरून सर्व्हरवर जाते. वस्तू, तिच्यासोबत दीर्घ मुदतीची सेवा आणि त्या दोघींना बांधणारा डेटा, अशा तिहेरी रचनेला अभ्यासक ‘स्मार्ट प्रॉडक्ट-सर्व्हिस सिस्टिम’ म्हणतात. या लेखात तिला स्मार्ट वस्तू-सेवा प्रणाली म्हणू.

रोज येणाऱ्या या नोंदींवरून पुढचा पंप कसा असावा, सेवेचे कोणते आश्वासन द्यावे, कोणती सोय काढून टाकावी, हे ठरवता येते का? यंत्र, सॉफ्टवेअर आणि सेवा यांच्याकडून नेमके काय अपेक्षित आहे ते लिहून काढणे, त्याचा क्रम लावणे आणि बदल सांभाळणे या कामाला उद्योगात रिक्वायरमेंट मॅनेजमेंट म्हणतात. गेल्या काही वर्षांत हे काम डेटावर उभे करण्याचे मोठे प्रयत्न झाले. त्यांचा हिशेब मांडला तर चित्र असे दिसते की जे मोजायचे आधीच ठरवले आहे, त्याबद्दल डेटा उत्तम बोलतो. माणसाला जे हवे होते पण त्या यंत्राने करूच दिले नाही, त्याची नोंद मात्र कुठेच पडत नाही. म्हणून डेटावर चालणाऱ्या प्रणालीत काय मोजायचे आणि मोजलेल्याचा अर्थ कोणाला विचारून लावायचा, हीच पहिली रिक्वायरमेंट ठरते.

विक्रीनंतर सुरू होणारा व्यवहार

ही कल्पना इंटरनेटच्या कितीतरी आधीची आहे. १९५९ मध्ये हॅलॉइड झेरॉक्स कंपनीने ९१४ हे कॉपी काढणारे यंत्र आणले. विकत घ्यायला ते फार महाग होते, म्हणून कंपनीने ते महिना ९५ डॉलर भाड्याने द्यायला सुरुवात केली. त्यात २,००० प्रती मोफत, पुढच्या प्रत्येक प्रतीला ४ सेंट. यंत्राला मीटर होता आणि त्यावरच्या आकड्यानुसार बिल निघे. यंत्र बंद पडले की आता कंपनीचेही उत्पन्न थांबू लागले. साहजिकच ‘लवकर दुरुस्त व्हायला हवे’ ही ग्राहकाची तक्रार न राहता कंपनीचीच निकड झाली. शिवाय कोणत्या कार्यालयात किती प्रती निघतात, हे तिला घरबसल्या कळू लागले.

विमानांच्या क्षेत्रात १९६२ मध्ये ब्रिस्टल सिडली कंपनीने व्हायपर इंजिनासाठी उड्डाणाच्या तासामागे ठरावीक रक्कम घेण्याची पद्धत आणली. पुढे ही कंपनी रोल्स-रॉइसकडे गेली आणि तिथे याच विचाराचे मोठे रूप ‘टोटलकेअर’ या नावाने उभे राहिले. १९८८ मध्ये सँड्रा व्हँडरमर्व आणि हुआन राडा यांनी उत्पादक कंपन्यांच्या सेवेकडे वळण्याला ‘सर्व्हिटायझेशन’ हे नाव दिले. १९९९ मध्ये मार्क गुडकूप आणि सहकाऱ्यांच्या डच अहवालाने वस्तू-सेवा प्रणालीची संकल्पना मांडली. २००४ मध्ये आर्नल्ड टुकर यांनी तिचे तीन गट केले: वस्तू विकून सोबत सेवा देणे, वस्तू न विकता तिचा वापर विकणे, आणि थेट परिणाम विकणे. सौर कृषिपंप पहिल्या गटात बसतो, भाड्याची सायकल दुसऱ्यात. पुण्याच्या पीएमपीएमएलने २०१९ पासून प्रतिकिलोमीटर दराने रस्त्यावर आणलेल्या इलेक्ट्रिक बस दुसऱ्या-तिसऱ्याच्या सीमेवर येतात. ‘स्मार्ट’ हे विशेषण या संज्ञेला रुळले ते डेल्फ्टच्या संशोधकांनी २०१५ मध्ये अशा प्रणालींची वैशिष्ट्ये तपासल्यानंतर.

डेटा एका कारणासाठी गोळा होतो आणि दुसऱ्याच कामाला येतो, याचे ठळक उदाहरण जपानच्या कोमात्सु कंपनीचे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तिथे चोरलेल्या एक्स्कॅव्हेटरने एटीएम उखडून नेण्याचे प्रकार घडू लागले. यंत्र कुठे आहे हे कळावे म्हणून त्यात जीपीएस बसवायची कल्पना पुढे आली. ‘कॉमट्रॅक्स’ या नावाने ही यंत्रणा २००१ पासून जपानमधल्या यंत्रांत सरसकट बसवली जाऊ लागली. मग लक्षात आले की यंत्र किती तास चालते, इंधन किती खाते, नुसतेच सुरू राहून किती वेळ उभे असते, हेही दिसते आहे. त्यावरून देखभालीचे वेळापत्रक ठरू लागले, सुट्या भागांचा साठा ठरू लागला. २००४ मध्ये चीनमधली यंत्रे कमी तास चालत असल्याचे पाहून कंपनीने उत्पादनाला लगाम घातला. चोरी रोखण्याची गरज मागे पडली आणि बांधकाम बाजाराची नाडी हाती आली.

कागदावरच्या गरजा, चालत्या यंत्राच्या नोंदी

रिक्वायरमेंट ठरवण्याची जुनी पद्धत माणसांना विचारण्याची. मुलाखती, प्रश्नावल्या, विक्री प्रतिनिधींचे अहवाल, आणि त्यावर बसलेली बैठक. योजी अकाओ यांनी विकसित केलेल्या आणि १९७२ च्या सुमारास कोबेच्या मित्सुबिशी गोदीत तक्त्यांच्या रूपात आलेल्या ‘क्यूएफडी’ पद्धतीने ग्राहकाचे म्हणणे आणि अभियंत्याचे आकडे एका तक्त्यात आणले. नोरिआकी कानो यांनी १९८४ मध्ये दाखवले की सगळ्या गरजा एका जातीच्या नसतात. काही असल्या तर कोणी लक्ष देत नाही आणि नसल्या तर ग्राहक चिडतो; काही जितक्या जास्त तितक्या बऱ्या; काही अनपेक्षित आनंद देतात. या पद्धती आजही वापरात आहेत आणि उपयोगीही आहेत. त्यांची मर्यादा वेळेची आहे. आराखडा पक्का झाला की यादी गोठते. पाच किंवा दहा वर्षे चालणाऱ्या सेवेत मात्र पीक बदलते, रस्ता बदलतो, ड्रायव्हर बदलतो.

डेटा ही यादी उघडी ठेवतो. तो मुख्यतः पाच वाटांनी येतो: यंत्रातल्या सेन्सरच्या नोंदी, ॲपमधल्या वापराच्या नोंदी, दुरुस्ती आणि सुट्या भागांचे रेकॉर्ड, लोकांच्या तक्रारी व अभिप्राय, आणि हवामान, वीजपुरवठा, रस्ता यांसारखी बाहेरची परिस्थिती. पहिल्या दोन वाटा स्वस्त आणि नीटनेटक्या आहेत, म्हणून बहुतेक कंपन्या तिथेच थांबतात. माझ्या मते सर्वांत मोलाची वाट तिसरी आहे आणि सर्वांत अस्ताव्यस्तही तीच. आपल्याकडच्या सर्व्हिस मेकॅनिकचे जॉब कार्ड पाहिले तर त्यात मराठी, हिंदी आणि इंग्रजीची सरमिसळ असते: ‘मोटर जल गया, चेंज किया, वोल्टेज लो था, कस्टमरला सांगितले’. या एका ओळीत बिघाड, उपाय, संभाव्य कारण आणि ग्राहकाशी झालेले बोलणे असे चारही दुवे आहेत. सॉफ्टवेअरमध्ये मात्र ते ‘मोटर फेल्युअर’ या एका कोडखाली जमा होते आणि उरलेले तिन्ही दुवे गळून पडतात.

नोंदीपासून रिक्वायरमेंटपर्यंत

सॉफ्टवेअरच्या जगात ही चर्चा आधी रंगली. हॅम्बुर्गचे वालिद मालेज आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये डेटावर आधारित रिक्वायरमेंट इंजिनिअरिंगची दिशा मांडली: लोक काय म्हणतात आणि लोक काय करतात, या दोन्ही नोंदी एकत्र वाचून कोणती गोष्ट आधी बनवायची ते ठरवायचे. त्याआधी, २०१३ मध्ये, पगानो आणि मालेज यांनी ॲप स्टोअरवरचे दहा लाखांहून अधिक अभिप्राय तपासले होते. नवी आवृत्ती आल्यावर अभिप्रायांचा लोंढा येतो आणि झपाट्याने ओसरतो, हे त्यांना दिसले. मोजणीच्या वेळेनुसार ‘ग्राहकाचा आवाज’ बदलतो, हा त्यातून निघणारा इशारा आजही पुरेसा ऐकला जात नाही.

वस्तू-सेवा प्रणालीत गुंतागुंत वाढते, कारण इथे यंत्र, सॉफ्टवेअर आणि माणसांची सेवा या तिन्हींच्या अपेक्षा एकमेकींत अडकलेल्या असतात. ‘बिघाड ४८ तासांत दुरुस्त व्हावा’ हे वाक्य सेवेचे वाटते; पण ते पाळायचे तर कंट्रोलरने बिघाडाचे कारण कळवले पाहिजे, सुटा भाग जवळच्या तालुक्याला असला पाहिजे आणि तो शेतात उभ्या उभ्या बदलता आला पाहिजे. म्युनिकच्या संशोधकांनी २०१४ मध्ये अशा तिन्ही प्रकारच्या अपेक्षा एका साखळीत जोडणारा आराखडा मांडला. सिंगापूरच्या नान्यांग विद्यापीठातून पुढे आलेल्या कामात वस्तू, सेवा, संदर्भ आणि गरज यांचे आलेख बांधून ‘या परिस्थितीत या ग्राहकाला आणखी काय लागेल’ याचा अंदाज घेतला गेला. आता मोठी भाषा-मॉडेल्स हजारो तक्रारी वाचून रिक्वायरमेंटचा मसुदा लिहून देतात. मसुदा सफाईदार असतो. त्यातले कोणते वाक्य कोणाच्या कोणत्या अडचणीतून आले, हे शोधायला गेले की धागा हाती लागेलच असे नाही.

पद्धती वेगवेगळ्या असल्या तरी पायऱ्या साधारण सारख्या आहेत. नोंद स्वच्छ करायची. तिला संदर्भ जोडायचा: कोणते मॉडेल, सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती, कोणता हंगाम, कोणता वापरकर्ता. मग त्यात नमुना शोधायचा, नमुन्यावरून कारणाचा तर्क करायचा, तो तर्क तपासायचा आणि शेवटी मोजता येईल असे वाक्य लिहायचे. प्रत्यक्षात घाईत दोन पायऱ्या गाळल्या जातात, संदर्भ जोडण्याची आणि तर्क तपासण्याची. नमुना दिसला की थेट रिक्वायरमेंट लिहिली जाते.

एक बिघाड, चार अर्थ

गाळलेल्या पायरीची किंमत पंपाच्या उदाहरणात नीट दिसते. कंट्रोलरमध्ये ‘ड्राय रन’ संरक्षण असते. पाण्याशिवाय पंप फिरू लागला तर मोटर जळू नये म्हणून तो पंप बंद करतो आणि सर्व्हरवर बिघाडाची नोंद पाठवतो. समजा, एका तालुक्यातून मार्च महिन्यात दुपारच्या वेळी अशा नोंदींची रांग लागली. पडद्यावर सगळ्या सारख्याच दिसतात.

शेतावर गेले तर त्यांची किमान चार निदाने निघू शकतात. एका विहिरीत झरे मंद आहेत. सकाळी साठलेले पाणी दुपारपर्यंत उपसून होते आणि दोन-तीन तासांनी पुन्हा भरते. दुसऱ्या ठिकाणी सक्शन पाइपाच्या तोंडाशी फूट व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला आहे. तिसऱ्या ठिकाणी पाणी आहे, पंप ठणठणीत आहे, सेन्सरच खोटे सांगतो आहे. चौथ्या बोअरमध्ये पाण्याची पातळी कायमची खाली गेली आहे. चौथ्या शेतकऱ्याला वेगळा स्रोत लागेल, तिसऱ्याला नवा सेन्सर, दुसऱ्याला गाळणी साफ करण्याची आठवण. पहिल्याला मोठा पंप दिला तर त्याचे नुकसानच होईल, कारण विहीर आणखी लवकर रिकामी होईल. त्याला हवा आहे कमी वेगाने जास्त वेळ पाणी उपसणारा पंप, किंवा उपसलेले पाणी साठवायला शेततळे, किंवा निदान विहीर भरली की आपोआप पुन्हा सुरू होणारा कंट्रोलर.

सध्याच्या योजनेत पंपाची क्षमता जमिनीच्या क्षेत्रावरून ठरते: अडीच एकरांपर्यंत ३ अश्वशक्ती, पाच एकरांपर्यंत ५, त्यापुढे ७.५. प्रशासनाला राबवायला हा निकष सोपा आहे आणि सातबाऱ्यावरून पडताळताही येतो. पंपाला लागणारी शक्ती मात्र पाणी किती खोलवरून उचलायचे आणि विहिरीला किती पाणी येते, यावरही ठरते. हजारो पंपांचे चालण्याचे तास, दुपारी बंद पडण्याचे प्रमाण आणि हंगाम एकत्र ठेवले, तर क्षेत्राचा निकष कुठे बसतो आणि कुठे बसत नाही हे तपासता येईल. रिक्वायरमेंट व्यवस्थापनात डेटाचा सर्वांत चांगला उपयोग हाच आहे: आधी गृहीत धरलेल्या निकषाला प्रश्न विचारणे. उत्तरासाठी मात्र काही शेतकऱ्यांशी बोलावेच लागते, आणि त्यासाठी माणसे व पैसा राखून ठेवावा लागतो.

झेरॉक्सनेच हा धडा एकेकाळी शिकवला आहे. त्यांच्या पालो आल्टोच्या संशोधन केंद्रातल्या लुसी सचमन यांनी लोक कॉपी-यंत्र वापरताना नेमके कुठे अडतात याचा अभ्यास करून १९८७ मध्ये पुस्तक लिहिले. वापरणारा माणूस काय करू पाहतो आणि यंत्राला त्यातले किती कळते, यांत मोठे अंतर असल्याचे त्यांनी दाखवले. ज्युलियन ऑर यांनी दुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञांसोबत फिरून लिहिलेले पुस्तक १९९६ मध्ये आले. अवघड बिघाड हे लोक कंपनीच्या मॅन्युअलपेक्षा एकमेकांना सांगितलेल्या किश्शांतून सोडवत, असे त्यात दिसते. पुढे तंत्रज्ञांनी लिहिलेल्या अशा युक्त्या एकत्र करणारी ‘युरेका’ ही प्रणाली झेरॉक्सने उभारली. यंत्राच्या कोडमध्ये न मावणारे ज्ञान नोंदवायची सोय करता येते, हे त्यातून सिद्ध झाले.

न दिसणारे लोक, न वापरलेल्या सोयी

वापराच्या नोंदींतून येणारी सर्वांत मोहक चूक म्हणजे ‘वापरले जात नाही, म्हणजे नको आहे’. गाडीतली एअरबॅग बहुतेकांच्या आयुष्यात एकदाही उघडत नाही. कानो यांच्या पहिल्या गटातल्या गरजा नेमक्या अशाच असतात. वापराच्या वारंवारितेवरून क्रम लावला की त्या यादीच्या तळाशी जातात.

दुसरी चूक शून्याचा अर्थ लावण्याची. पीक निघाल्यावर पंप कित्येक दिवस बंद असतो; नोंदीत शून्य तास दिसतात. त्या दिवसांत सौर पॅनेलची वीज वाया जाते आणि शेजारी कडबा कुट्टी किंवा पिठाची गिरणी विजेची वाट बघत असते. पंपाव्यतिरिक्त इतर यंत्रेही चालवू शकणाऱ्या कंट्रोलरचे निकष केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने तयार केले आहेत. ही गरज पंपाच्या डेटात शोधली तर ती शून्य म्हणूनच सापडते. ती कळते ती शेतकऱ्याचा पूर्ण दिवस डोळ्यांसमोर ठेवल्यावर.

तिसरी अडचण, ज्यांच्याकडून डेटा येतच नाही त्यांची. अमेरिकेत बॉस्टन शहराने ‘स्ट्रीट बम्प’ नावाचे ॲप वापरले होते. गाडीतल्या स्मार्टफोनला बसणाऱ्या धक्क्यांवरून रस्त्यातले खड्डे शोधायचे, ही त्यामागची कल्पना. स्मार्टफोन कमी असलेल्या, गरीब किंवा वृद्धांच्या वस्त्यांतले खड्डे त्यात कमी दिसण्याचा धोका अभ्यासकांनी दाखवून दिला. पंपाच्या बाबतीत ज्या खोऱ्यात मोबाइल नेटवर्क नाही, तिथली नोंद उशिरा पोचते किंवा पोचतच नाही. नेमके तिथेच सेवा केंद्रही लांब असते. ज्याची अडचण मोठी, त्याचा डेटा कमी, अशी ही उलटी रचना आहे. म्हणून सरासरी काढण्याआधी, कोणत्या गावांतून काहीच आले नाही, याची वेगळी यादी करावी लागते.

आणि सेन्सर भरपूर असले तरी हवा तो असेलच असे नाही. बोइंग ७८७ विमानांतल्या रोल्स-रॉइसच्या ट्रेंट १००० इंजिनांत तापमान, दाब, कंपने यांच्यावर सतत लक्ष असते. तरीही २०१६ मध्ये ऑल निप्पॉन एअरवेजच्या विमानांत टर्बाइनची पाती निकामी झाली, तेव्हा कारण निघाले गंधकाच्या संयुगांमुळे धातू झिजण्याचे. ते कळायला पाती तपासावी लागली, आणि नंतर पात्यांची रचना बदलावी लागली. तासाच्या हिशेबाने करार असल्याने खर्चाचा मोठा भार रोल्स-रॉइसवरच पडला. सततच्या नोंदींच्या जोडीला उघडून पाहण्याची गरज किती टिकून आहे, हे त्यातून दिसले.

पैसे कशाचे मिळतात

संशोधन निबंधांत कमी आणि कारखान्यात जास्त चर्चिला जाणारा मुद्दा कराराचा आहे. ज्या मोजमापावर पैसे मिळतात ते मोजमाप हळूहळू इतर सगळ्या गरजांना मागे सारते. प्रतिकिलोमीटर दराने चालणाऱ्या बसच्या करारात ऑपरेटरला धावलेल्या किलोमीटरचे पैसे मिळतात. त्याच्या दृष्टीने बॅटरी टिकणे, चार्जिंग वेळेत होणे, बस बंद न पडणे या गोष्टी अग्रक्रमाच्या. थांब्यावर उभ्या असलेल्या प्रवाशाला मात्र बस किती वेळाने येते आणि आल्यावर चढायला जागा आहे का, याच्याशी मतलब असतो. तीन बस एकामागोमाग आल्या तरी किलोमीटर पूर्ण होतातच. प्रवाशाची ही गरज करारात यायची असेल तर वेळापत्रकाचे पालन, दोन बसमधले अंतर यांसाठी वेगळी मोजणी आणि वेगळा दंड ठेवावा लागतो.

याचा अर्थ असा की रिक्वायरमेंटची यादी आणि पैशांचा करार एकत्र बसून लिहायला हवेत. आजही बहुतेक ठिकाणी पहिली यादी अभियंते करतात आणि दुसरा करार खरेदी विभाग. दोन्हींचे आकडे वेगळे निघाले की पैसे ज्या आकड्यावर ठरतात, तोच आकडा जिंकतो.

बदलाची शिस्त

विकलेले यंत्र दूरवरून बदलता येते, ही या प्रणालींची मोठी ताकद. २०१८ मध्ये ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ने टेस्लाच्या मॉडेल ३ ची चाचणी घेतली तेव्हा ताशी ६० मैलांवरून थांबायला गाडीला १५२ फूट लागले. काही दिवसांतच कंपनीने सॉफ्टवेअर अपडेट पाठवले आणि फेरचाचणीत हे अंतर १३३ फुटांवर आले. गाडी कोणालाही गॅरेजमध्ये न्यावी लागली नाही. याची दुसरी बाजू २०१६ च्या जानेवारीत नेस्ट थर्मोस्टॅटच्या ग्राहकांनी पाहिली. आधी पाठवलेल्या अपडेटमधल्या दोषामुळे उपकरणाची बॅटरी संपली आणि ऐन थंडीत घरांतली उष्णता बंद पडली.

म्हणूनच कोणत्या यंत्रात कोणती आवृत्ती आहे, कोणती रिक्वायरमेंट कधी आणि का बदलली, बदलामुळे मंजुरीवर परिणाम होतो का, याचा माग ठेवणे हा कागदी सोपस्कार राहिलेला नाही. वाहनांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीतला आर१५६ हा नियम २०२१ पासून लागू आहे. तो स्वीकारणाऱ्या देशांत उत्पादकाला सॉफ्टवेअर अपडेट सांभाळण्याची पद्धतशीर व्यवस्था दाखवावी लागते.

बदल करून पाहण्याच्या संस्कृतीचेही एक वास्तव आहे. रॉनी कोहावी आणि सहकाऱ्यांनी मायक्रोसॉफ्टमधल्या नियंत्रित प्रयोगांच्या अनुभवावरून लिहिले की तपासलेल्या कल्पनांपैकी साधारण एक तृतीयांश कल्पनाच ठरवलेला आकडा सुधारतात. अनुभवी लोकांनाही कोणती सोय उपयोगी पडेल याचा अंदाज नीट येत नाही, याचा हा पुरावा. वेबपानावर असा प्रयोग एका दिवसात उलटवता येतो. शेतातल्या पंपावर किंवा धावत्या बसवर अर्ध्या ग्राहकांना एक आणि अर्ध्यांना दुसरे वर्तन देऊन पाहायचे तर सुरक्षितता, हंगाम आणि संमती यांचा विचार आधी येतो. सॉफ्टवेअरमधली पद्धत जशीच्या तशी उचलून इथे चालत नाही.

डेटा कोणाचा

यंत्र ग्राहकाच्या दारात, नोंद कंपनीच्या सर्व्हरवर, अशी स्थिती वर्षानुवर्षे होती. युरोपीय संघाचा डेटा ॲक्ट १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला आणि जोडलेल्या उपकरणांतून तयार होणारा डेटा वापरकर्त्याला मिळण्याचा, त्याच्या इच्छेने तिसऱ्याला देण्याचा हक्क त्यात आला. १२ सप्टेंबर २०२६ नंतर बाजारात येणाऱ्या उपकरणांची रचनाच असा डेटा सहज मिळेल अशी असावी लागणार आहे. पुणे, पिंपरी-चिंचवड किंवा नाशिकमधून युरोपला जोडलेली उपकरणे पाठवणाऱ्यांसाठी ही थेट रिक्वायरमेंट आहे. भारतात २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा व्यक्तीच्या डेटापुरता आहे. संमती, सांगितलेला हेतू आणि त्या हेतूपुरताच वापर, हा त्याचा गाभा. ‘पुढे कधीतरी उपयोगी पडेल’ म्हणून सगळेच गोळा करण्याची सवय त्याच्याशी जुळत नाही. कोमात्सुच्या गोष्टीतला अनपेक्षित उपयोग मोह पाडणारा आहे. पण जिथे यंत्रामागे ओळखता येणारा माणूस आहे, तिथे नव्या हेतूसाठी त्याला पुन्हा विचारावे लागेल.

पंपाचा डेटा शेतकऱ्यालाही समजेल अशा रूपात मिळाला तर त्याचा आणखी एक फायदा आहे. ‘तुमचा पंप गेल्या आठवड्यात पाच वेळा पाण्याअभावी थांबला’ असे त्याला मराठीत कळले, तर त्याचे कारण तोच सांगेल. अर्थ लावण्याचे सर्वांत कठीण काम ज्याला ते येते त्याच्याकडे जाईल.

संशोधन कुठे उभे आहे

नोंदी गोळा करणे, वर्गीकरण करणे, नमुने शोधणे या तांत्रिक भागात प्रगती मोठी आहे. यंत्रातच शिकणारे मॉडेल असेल तर त्याच्या रिक्वायरमेंटमध्ये ‘कोणत्या डेटावर शिकवायचे’ हेही लिहावे लागते, हे फोगेलसांग आणि बोर्ग यांनी २०१९ मध्ये डेटा सायंटिस्टांच्या मुलाखतींतून पुढे आणले. कमकुवत बाजू पुराव्याची आहे. बहुतेक निबंध एखाद्या उदाहरणावर पद्धत चालवून दाखवतात आणि तिथे थांबतात. त्या पद्धतीने निघालेली रिक्वायरमेंट प्रत्यक्ष उत्पादनात गेली का, दोन-तीन वर्षांनी ग्राहकाचे भले झाले का, याचा पाठपुरावा दुर्मीळ आहे. उदाहरणेही बहुधा स्मार्ट घर, सायकल, थ्रीडी प्रिंटर अशी सुखवस्तू वातावरणातली. जिथे वापरणारा एक, पैसे देणारा दुसरा आणि देखभाल करणारा तिसरा असतो, अशा सरकारी योजनांवर काम फार थोडे आहे. भारतात नेमक्या अशाच प्रणाली मोठ्या संख्येने उभ्या राहत आहेत, त्यामुळे इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना इथे खरे काम आहे.

तोवर व्यवहारात तीन शिस्ती पाळता येतील. डेटावरून लिहिलेल्या प्रत्येक रिक्वायरमेंटसोबत तिचा उगम लिहावा: कोणत्या नोंदी, कोणत्या काळातल्या, आणि कोणाच्या नोंदी त्यात नव्हत्या. तिला मुदत द्यावी, म्हणजे हंगाम किंवा आवृत्ती बदलल्यावर ती पुन्हा तपासली जाईल. आणि ती मंजूर करण्याआधी नोंदींतून निवडलेल्या काही ग्राहकांशी कोण बोलले, हे त्यावर नमूद असावे. यातली तिसरी शिस्त सर्वांत महाग आहे आणि खर्चकपातीत पहिली तीच जाते. पण ड्राय रनच्या रांगेवरून मोठा पंप मंजूर करणे तिच्यापेक्षा कितीतरी महाग पडते, आणि तो खर्च शेवटी शेतकरी आणि करदाता भरतात.